पणजीत राहायचं कुठं, जेवायचं कुठं?

गोव्याला जाणारा मराठी माणूस पणजीत सहसा मुक्काम करत नाही. पाटोच्या कदंब बसस्थानकावर उतरला की तो कळंगुटची नाहीतर मडगावची बस शोधतो, आणि पणजी त्याच्या वाट्याला येते ती खिडकीतून दिसणाऱ्या मांडवीपुरती. यात त्याचं नुकसान आहे. गोव्यात तीन रात्री हाताशी असतील तर त्यातल्या दोन पणजीला द्याव्यात आणि त्याही जुन्या घरातल्या एखाद्या लहान हॉटेलात काढाव्यात, असं माझं ठाम मत आहे. मी लहान गटांच्या सहली आखते, म्हणजे लोकांना स्वतःचे पैसे खर्चून तिथं राहायला सांगते. माझी मावशी लग्न होऊन पणजीच्या मळा भागात गेली आणि तिथलीच झाली. तिला माझं हे सांगणं पटत नाही. या विषयावर आम्ही दोघी पुष्कळ बोललो आहोत. त्यातला प्रवाशाच्या उपयोगाचा भाग इथं देते, कारण पणजीत खोली घेण्याआधी दोन्ही बाजू कानावर पडलेल्या बऱ्या.

मी : पहिल्यांदा येणाऱ्याला मी फोंतेन्हासमध्ये उतरवते, नाहीतर शेजारच्या सां तोमे वाड्यात. आल्तिनोच्या टेकडीचा उतार आणि ओरेमची खाडी यांच्यामधली ती चिंचोळी पट्टी. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाच्या भिंती, लोखंडी कठड्याच्या गॅलऱ्या, वर कौलं. 31 जानेवारी मार्गावरचं ‘पंजिम इन’ हे गोव्यातलं पहिलं हेरिटेज हॉटेल मानतात. त्याच मालकांचं ‘पंजिम पौसादा’ हे मधे चौक असलेलं जुनं हिंदू घर आहे, आणि ‘पंजिम पीपल्स’च्या इमारतीत पूर्वी शाळा भरायची. तिथं एक रात्र काढली तरी पणजी कशी वाढली ते कळतं. 1843मध्ये राजधानी अधिकृतपणे इथं आली ती जुन्या गोव्याला रोगराईनं पोखरलं म्हणून. सरकारी नोकर, व्यापारी, वकील जुनं शहर सोडून इथं आले आणि त्यांनी ही घरं बांधली.

मावशी : घरांचं कौतुक मलाही आहे. पण तू ज्याला बघण्यासारखी जागा म्हणतेस तो राहता वाडा आहे. सकाळी दार उघडावं तर समोर कॅमेरा. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, परक्याच्या पायऱ्यांवर बसतात, गॅलरीत चढतात. घरात कुणी आजारी असेल, कुणाचं सुतक असेल, याचा विचार कोण करतो? लोकांनी दारावर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्यात. स्वतःच्या घराला अशी पाटी लावावी लागणं हे मला फार वाईट वाटतं.

मी : गल्लीत येऊन फोटो काढून जाणारे बहुतेक जण तिथं राहणारे नसतातच. ते किनाऱ्यावरून तासाभरासाठी आलेले असतात. दोन रात्री राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांना नमस्कार करतो.

मावशी : काही करतात.

मी : आणि हॉटेलं झाली नसती तर ती घरं आज उभी असती का? चिऱ्याच्या दगडाच्या भिंती, चुन्याचा गिलावा, लाकडी तुळया, कौलं, आणि डोक्यावर वर्षाला जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस. दर पावसाळ्यानंतर भिंती रंगवायच्या, फुटकी कौलं बदलायची, वाळवीवर लक्ष ठेवायचं. गोव्याच्या नागरी संहितेनं मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. कायदा न्याय्यच आहे, पण दोन पिढ्यांत एका घराचे वीस-पंचवीस वारस होतात. त्यातले काही लिस्बनला, काही कॅनडात, काही मुंबईत. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत छप्पर खाली येतं. कुलूपबंद घर पडतं, चालतं घर टिकतं. प्रवाशानं खोलीचं जे भाडं दिलं त्यातून ती कौलं बदलली जातात.

या मुद्द्यावर मावशीला उत्तर सुचत नाही असं नाही. पण तिच्याच ओळखीतली दोन घरं अशी पडलेली तिनं पाहिली आहेत, म्हणून ती इथं थोडी थांबते. मग तिनं जो फरक सांगितला तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

मावशी : घर वाचलं, पण शेजार गेला तर? मालक खालच्या मजल्यावर राहतो, वर चार खोल्या पाहुण्यांना देतो, त्याचा मला काही त्रास नाही. रात्री आवाज झाला तर मी त्याचं दार वाजवते आणि तो पाहुण्यांना सांगतो. त्रास आहे तो दिल्ली-मुंबईच्या माणसानं घेतलेल्या आणि दिवसाच्या भाड्यानं मोबाइलवरून दिलेल्या घरांचा. किल्ली डबीत ठेवलेली, आकडे दाबले की डबी उघडते. कुणी आला, कुणी गेला, कुणाला पत्ता नाही. मध्यरात्री दीडला गाणी लागली तर तक्रार कुणाकडे करायची? अशा घरात पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी थांबत नाही, कारण पाव घ्यायला रोजचं माणूसच नसतं. पाच घरं अशी झाली की पोदेर ती गल्लीच सोडतो.

तेव्हापासून मी हॉटेलात फोन करते तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारते : मालक कुठं राहतात, आणि रात्री जागेवर कोण असतं? समोरून नाव घेऊन उत्तर आलं तर पुढं बोलायचं. दुसरा प्रश्न जिन्याचा. या घरांना लिफ्ट नसते, जिने लाकडी आणि उभे असतात, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्या पाहुण्यासाठी तळमजल्याची खोली आधीच सांगून ठेवावी लागते. तिसरा प्रश्न खिडकी कुठं उघडते हा. रस्त्याकडची खोली देखणी असते, पण पहाटेपासून दुचाक्यांचा आवाज येतो. मागच्या चौकाकडची शांत असते, मात्र उजेड कमी. उंच खांबांचा पलंग, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी, लाल गिलाव्याची गुळगुळीत जमीन हे सगळं खरं असतं. लाकडाच्या पातळ तक्तपोशीतून वरच्या पाहुण्याची पावलं ऐकू येतात, तेही खरं. ज्याला ते सहन होत नाही त्यानं तिथं जाऊ नये.

मावशी : म्हणूनच म्हणते, म्हाताऱ्या माणसांना तिथं कशाला नेतेस? अठरा जून मार्गावर किंवा मिरामारच्या बाजूला लिफ्ट असलेली साधी हॉटेलं आहेत. अंघोळीला गरम पाणी, स्वच्छ चादर, खाली औषधाचं दुकान. रस्त्याला नाव आहे 1946च्या 18 जूनचं, डॉक्टर राममनोहर लोहियांनी मडगावला सभा घेऊन कायदा मोडला त्या दिवसाचं. इतिहास तिथंही आहे, त्याला निळा रंग द्यायला लागत नाही.

मी : म्हाताऱ्यांच्या बाबतीत कबूल. पण धडधाकट माणसाला मी फोंतेन्हासच सांगणार. आणि भाड्याची मोटार घेऊ नका असंही. त्या गल्ल्यांत गाडी लावायला जागा नाही, आणि पणजीत तिची गरजही नाही. चर्चच्या चौकातून बाजारापर्यंत, बाजारातून कांपालला कला अकादमीपर्यंत चालत जाता येतं.

मावशी : कला अकादमीपर्यंत उन्हात नको. संध्याकाळी.

राहण्याच्या बाबतीत आमच्यात निम्मं तरी जुळलं. जेवणाच्या बाबतीत तसं नाही. मावशीच्या मते बाहेरचा माणूस पणजीत चुकीच्या वेळी चुकीचं खातो, आणि त्याला ते शिकवण्यात माझ्यासारख्यांचा हात आहे.

मावशी : हॉटेलातला नाश्ता बंद कर तुझ्या लोकांचा. कापलेली पपई, आम्लेट आणि टोस्ट खायला पणजीला कशाला यायचं? सकाळी आठला ‘कॅफे भोसले’ नाहीतर ‘कॅफे तातो’. पातळ भाजी मागवायची किंवा सुकी. दोन्ही हव्या तर ‘मिक्स’ म्हणायचं. बरोबर पाव. वरून एखादी मिरची भजी किंवा बन्स, आणि चहा. एका टेबलावर चार अनोळखी माणसं बसतात, वकील, कारकून, मासे विकून आलेली बाई. तुझ्या पाहुण्याला गोव्याची राजधानी बघायची आहे ना? ती तिथं बसलेली असते.

मी : खोलीच्या भाड्यात नाश्ता धरलेला असतो, मावशी. लोकांना तो सोडवत नाही.

मावशी : मग एक दिवस तिथं खा, एक दिवस इथं.

मी : पाव मात्र तू पोदेराचाच हवा म्हणशील.

मावशी : अर्थात. सायकलवर टोपली, रबरी भोंगा, त्यात पोय, उंडे, कातरे पाव, काकणं. कोंडा लावलेली पोय आतून पोकळ असते, गरम असतानाच खावी. हॉटेलवाल्याला आदल्या रात्री सांगून ठेवलं तर तो घेऊन ठेवतो.

दुपारच्या जेवणावर तर तिचं मत इतकं पक्कं आहे की मी फक्त लिहून घेते. गोव्याच्या थाळीत शीत, म्हणजे भात, मधोमध असतो, आणि तो उकड्या तांदळाचा असेल तर उत्तम. वर नारळाच्या वाटणाचं हुमण. बांगड्याच्या किंवा तारल्यांच्या हुमणात तेफळं हवीत, आंबटपणाला आमसूल किंवा चिंच. कडेला रवा लावून तळलेली इसवणाची, म्हणजे सुरमईची, तुकडी, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) खोबरं-कांद्यातलं किसमूर, एखादी भाजी, सोलकढी. ‘रिट्झ क्लासिक’मध्ये यासाठी रांग लागते, दादा वैद्य मार्गावरच्या ‘कोकणी कँटीन’मध्येही चांगली मिळते. दोन्हीकडे साडेबाराच्या आत पोचावं. पणजीतली पुष्कळ दुकानं दुपारी एक ते साडेतीन-चार बंद असतात. बाहेरच्या माणसाला याचा राग येतो. मावशीचं म्हणणं, राग आणू नये, जेवून झोपावं.

मी : आणि जो मासा खात नाही?

मावशी : त्याला आमच्याकडे उपाशी ठेवत नाहीत. पुष्कळ हिंदू घरांत सोमवारी मासा शिजत नाही, श्रावणात तर नाहीच. अळसांद्याचं तोणाक, मुगागाठी, खतखतं, अंबाड्याचं रायतं. खतखतं मिळालं तर सोडू नये. भाज्या, तूरडाळ, नारळ आणि तेफळं. दुर्दैव एवढंच की पर्यटकाच्या हॉटेलात मेनूवर पनीर असतं आणि खतखतं नसतं. मागितलं तर कधीतरी येईल. मागत राहा.

मी : तू मासा मासा करतेस, पण सगळ्यांना बारा महिने ताजा मासा हवा असतो. जूनमध्ये येणाऱ्यांना काय सांगायचं?

मावशी : खरं ते सांगायचं. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना बंदी असते. माशांच्या विणीचा हंगाम असतो तो. त्या दोन महिन्यांत इसवणाची जाड तुकडी पुढं आली तर ती बर्फातली समजायची. आमच्या घरी तेव्हा खाडीतलं, नदीतलं मिळेल ते येतं, आणि खारं. सुका बांगडा, सुकी सुंगटं, वर्षाची बेगमी मे महिन्यात पुरुमेंताच्या फेस्ताला होते. पावसात गरम पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा हे खरं त्या दिवसांचं जेवण आहे. ते तुझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर कोण वाढणार?

हा शेवटचा प्रश्न मी जुन्या घरातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरापर्यंत नेला. पावसाळ्यात आमच्या गटाला तिथं पेज आणि सुका मासा मिळाला, आणि पाहुण्यांनी तो दोनदा मागून घेतला. लहान हॉटेल निवडण्याचा हा मोठा फायदा आहे : तिथल्या स्वयंपाक्याशी बोलता येतं. शंभर खोल्यांच्या हॉटेलात ते होत नाही.

रात्रीचं जेवण मात्र मी माझ्या पद्धतीनं ठरवते, आणि यात मागे हटायला मी तयार नाही.

मी : रात्री मी लोकांना कॅथलिक घरातला स्वयंपाक खायला नेते. ‘विवा पंजिम’ गल्लीच्या आत आहे, ‘व्हेनिते’च्या छोट्या गॅलऱ्यांत जेमतेम दोन माणसं बसतात, मिरामारच्या वाटेवरचं ‘मम्स किचन’ घरोघरच्या जुन्या पाककृती जपतं. आपला मराठी माणूस सारस्वतांचं जेवण कसंतरी ओळखतो. मालवणशी त्याचं नातं आहे. पण ताडीच्या शिरक्यातला रेशाद मसाला भरलेला बांगडा, मोझांबिकहून पोर्तुगिजांबरोबर आलेलं हिरव्या वाटणाचं काफ्रियाल, नारळ-खसखस भाजून केलेली शाकुती हे त्यानं पाहिलेलं नसतं. शिरक्याची आंबट चव पहिल्या घासाला परकी वाटते. दुसऱ्या दिवशी तोच माणूस विचारतो, डुकराच्या मांसाचं सोरपोटेल आणखी एक दिवस मुरल्यावर चांगलं लागतं म्हणे, ते कुठं मिळेल?

मावशी : चांगलं लागतंच. पण आधी टेबल राखून, वर बासरी नाहीतर पोर्तुगीज फादो गाणी ऐकत, दर तिप्पट?

मी : फादो ऐकायला मिळाला तर तो या शहराचाच आहे. आणि दराचं म्हणशील तर बेबिंक करायला किती वेळ लागतो ते तू जाणतेस. एक थर घालायचा, वरून आच देऊन भाजायचा, मग दुसरा. असे सात थर. स्वस्तातला बेबिंक म्हणजे त्यात कुणीतरी कष्ट वाचवलेले असतात.

मावशी : ते खरं आहे. बेबिंकाला मी पैसे मोजते.

मी : आणि काजूची फेणी?

मावशी : ज्याला प्यायची त्यानं गोव्याचीच प्यावी. 2009मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. मार्च ते मेमध्ये उर्राक असतं, हलकं, लिंबू आणि मिरची घालून पितात. पिऊन गाडीवर बसायचं नाही, एवढं तुझ्या लोकांना बजावून सांग.

एका जागेवर मात्र आमच्या दोघींचं पूर्ण एकमत आहे. महापालिकेच्या गार्सिया द ओर्ता उद्यानात संध्याकाळी बसावं. समोरच्या ‘मिस्टर बेकर 1922’मधून काहीतरी गोड घ्यावं, नाहीतर उद्यानावर उघडणाऱ्या क्लब वास्को द गामाच्या गॅलरीत टेबल मिळवावं. ओर्ता हा सोळाव्या शतकातला पोर्तुगीज वैद्य. हिंदुस्थानातल्या औषधींवरचं त्याचं पुस्तक 1563मध्ये गोव्यातच छापलं गेलं, आणि ते सगळं दोन वैद्यांच्या संवादात लिहिलेलं आहे. आंबा, नारळ, मिरी यांच्यावर दोन माणसं एकमेकांना प्रश्न विचारतात आणि खुशाल हरकती घेतात. पणजीत जेवणाबद्दल वाद घालणाऱ्यांना याहून मोठा आधार कुठला हवा?

मावशी : आता मांडवीचं सांग. तुझे लोक रात्री कॅसिनोच्या बोटींवर जातात का?

मी : मी नेत नाही. स्वतःहून गेले तर अडवू शकत नाही.

मावशी : त्या बोटींनी नदी झाकली. बांदोडकर मार्गावर रात्री गाड्यांची रांग लागते. नदी बघायची तर बेतीची फेरीबोट घ्यावी. पायी माणसाला पैसे पडत नाहीत. पलीकडे उतरायचं, चहा घ्यायचा, पुढच्या बोटीनं परत. येताना अख्खी पणजी समोर असते, आदिलशहाच्या वाड्याचं जुनं सचिवालय, वर चर्चचा शुभ्र दर्शनी भाग, मागे टेकडी. आणि फोंतेन्हास बघायचं तर वरून बघ. मळ्यातल्या मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढून गेलं की सगळी कौलं खाली दिसतात. कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

तिचा हा सल्ला मी आता प्रत्येक गटाला देते. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ती फार वेळा चुकीची छापली जाते : फोंतेन्हास जागतिक वारसास्थळांच्या यादीत नाही. 1986मध्ये त्या यादीत गेली ती जुन्या गोव्यातली चर्च. फोंतेन्हासला जे काही संरक्षण आहे ते स्थानिक नियमांचं आणि तिथं राहणाऱ्या माणसांचं.

उरला प्रश्न हंगामाचा. नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, 2004पासून तो गोव्यातच भरतो. 8 डिसेंबरला चर्चचं फेस्त, मग सेरेंडिपिटी कला महोत्सव, नाताळ, नवं वर्ष. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला कार्निव्हाल आणि शिगमो. या दिवसांत शहर सुंदर असतं, पण लहान हॉटेलांच्या मोजक्या खोल्या महिने आधी संपतात आणि दर चढतात. मावशी पावसाळा सांगते. मी ऑक्टोबर सांगते : बंदी उठून दोन महिने झालेले, मासा भरपूर, घरांना नुकते रंग लागत असतात, आणि खोल्यांचे चढे दर अजून सुरू व्हायचे असतात. ऊन आहे, ते मान्य. गणेशचतुर्थीच्या आसपास मात्र येऊ नये. हिंदू मालकांच्या खानावळी आणि दुकानं काही दिवस बंद असतात, आणि ती बंद असणं योग्यच आहे.

म्हणून माझी विनंती एवढी : आठवड्याच्या मधल्या दोन रात्री काढा, मालक जिथं राहतो अशा जुन्या घरात उतरा, एक सकाळ कॅफे भोसलेत आणि एक रात्र शिरक्याच्या स्वयंपाकाला द्या, आणि फोंतेन्हासमध्ये कुणाच्या घराचा फोटो घ्यायचा असेल तर आधी दार वाजवून विचारा. रविवारी पोचू नका. त्या दिवशी पणजीतल्या बऱ्याच लहान खानावळी आणि दुकानं बंद असतात.